७४ वर्षांचे निवृत्त सैनिक, कमरेचा स्टेनोसिस आणि ऑपरेशनला नकार: काय करता येईल?

तुम्ही दिलेली माहिती आधी एका ठिकाणी मांडतो. वडील ७४ वर्षांचे, पायदळातून निवृत्त. दहा मिनिटं चाललं की दोन्ही पोटऱ्या जड होतात, मुंग्या येतात आणि थांबावंच लागतं. बसलं की पाचेक मिनिटांत सगळं शांत. एमआरआयच्या रिपोर्टवर एल४-एल५ पातळीला, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये, ‘सिव्हिअर कॅनाल स्टेनोसिस’ (नसा जातात ती मणक्यातली नळी फार अरुंद) असं लिहिलंय. मधुमेह आहे, हृदयात स्टेंट आहे, रक्त गोठू न देणारी क्लोपिडोग्रेलची गोळी चालू आहे. सर्जननी ऑपरेशन सुचवलं, वडिलांनी नकार दिला. आता ते रोज दातओठ खाऊन तासभर चालतात, कमरेला दिवसभर पट्टा बांधतात आणि पाठ ‘मजबूत’ व्हावी म्हणून भुजंगासन करतात. तरी चालणं कमीच होतंय. ऑपरेशनशिवाय हे बरं होईल का, असा तुमचा प्रश्न आहे.

प्रश्न थोडा बदलून घेऊ, कारण ‘बरं होईल का’ याचं प्रामाणिक उत्तर दोन भागांत द्यावं लागतं. मणक्याच्या आतली नळी अरुंद होते ती तीन गोष्टींमुळे: पुढून चपटी होऊन मागे फुगलेली गादी, बाजूंनी वाढलेले फॅसेट सांधे (मणके मागून एकमेकांना जोडणारे छोटे सांधे) आणि मागच्या भिंतीवरचं, वयाबरोबर जाड झालेलं पिवळं लिगामेंट. कधी एक मणका दुसऱ्यावर थोडा पुढे सरकलेला असतो, तोही भर घालतो. व्यायामाने, गोळीने, मालिशने किंवा कंबर ताणणाऱ्या ट्रॅक्शनच्या मशीनने ही नळी कायमची रुंद होत नाही. तसं कोणी सांगत असेल तर त्याच्याकडे जाणं थांबवा. पण लक्षणं फक्त नळीच्या मापावर ठरत नाहीत, त्या क्षणी नसांवर किती दाब आहे आणि त्यांना रक्त किती मिळतंय यावर ठरतात. माणूस उभा राहिला, कंबर मागे गेली की ते पिवळं लिगामेंट आत चुरगळतं, नळी आणखी आवळते आणि नसांभोवतीच्या शिरांत रक्त तुंबतं. पुढे वाकलं की लिगामेंट ताणलं जातं, नळी थोडी उघडते. बसल्यावर आराम पडतो तो यामुळेच. तेव्हा नळी तशीच राहून चालण्याचं अंतर वाढू शकतं का? बऱ्याच जणांचं वाढतं. किती वाढेल आणि ते पुरेसं वाटेल का, हे मात्र माणसागणिक बदलतं.

रिपोर्टमधल्या ‘सिव्हिअर’ शब्दाला एकट्याला फार महत्त्व देऊ नका. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कंबरदुखीचा कधीच त्रास नसलेल्या लोकांचे एमआरआय काढले होते. त्यांतल्या साठीपुढच्या सुमारे पाचांपैकी एकाला स्टेनोसिस दिसला होता. उलट बाजूनेही तसंच. चित्रात मध्यम दिसणारा स्टेनोसिस एखाद्याला दोनशे पावलांत खाली बसवतो. मी रिपोर्ट बघतो तो पातळी कळावी आणि दुसरं काही गंभीर नाही ना याची खात्री व्हावी म्हणून. उपचार मात्र चालण्याच्या मिनिटांवरून ठरवतो.

त्याआधी, हा त्रास खरंच नळीचाच आहे का? वडिलांच्या बाबतीत हे तपासणं अत्यावश्यक आहे, कारण मधुमेह आणि स्टेंट म्हणजे पायाच्या रक्तवाहिन्याही अरुंद असण्याची शक्यता. रक्तवाहिनीचा त्रास असेल तर चालताना पोटरी आवळते, पण नुसतं उभं राहिलं तरी एक-दोन मिनिटांत मोकळी होते; त्यासाठी बसावं किंवा वाकावं लागत नाही. चढ चढताना त्रास जास्त होतो. नळीच्या त्रासात नुसतं उभं राहूनही पाय भरून येतात, चढापेक्षा उतार अवघड जातो आणि बसून सायकल मारताना फारसं काही होत नाही. घरी करता येण्याजोगी साधी चाचणी म्हणजे जिममधली स्थिर सायकल, हँडलवर पुढे झुकून. चालताना दहा मिनिटांत थांबणारा माणूस सायकलवर वीस मिनिटं आरामात जात असेल तर बोट मणक्याकडे जातं. सायकलवरही पोटऱ्या आवळल्या तर पायाच्या नाड्या आणि घोटा-दंड रक्तदाबाचं गुणोत्तर तपासून घ्या; ते ०.९ च्या खाली आलं तर रक्तवाहिनीतज्ज्ञ आधी. दोन्ही आजार एकत्र असणंही या वयात दुर्मीळ नाही. सायकलची चाचणी करण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा, स्टेंटमुळे.

आणखी तीन गोष्टी स्टेनोसिसच्या नावावर खपतात. मधुमेहाची न्यूरोपॅथी, म्हणजे पायांच्या नसांना झालेली इजा: तळवे जळतात, रात्री जास्त, आणि बसण्या-वाकण्याने काहीच फरक पडत नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी१२ कमी होऊन तशीच बधिरता येते, म्हणून बी१२ ची रक्ततपासणी करा. खुब्याचा संधिवात: जांघेत दुखतं, मोजे घालताना पाय वर घेता येत नाही. आणि मान. कमरेच्या स्टेनोसिसबरोबर मानेतही नळी अरुंद असू शकते. शर्टाची बटणं लावताना बोटं चाचपडतात, अक्षर बिघडलंय, चालताना तोल जातो असं असेल तर कमरेवर काहीही करण्यापूर्वी मान तपासायलाच हवी, कारण तिथे दाब मज्जारज्जूवर असतो आणि त्याचं वेळापत्रक वेगळं असतं.

सैनिकी पार्श्वभूमीमुळे काही प्रश्न जास्तीचे विचारावे लागतात. अतिथंड भागात नोकरी झाली असेल आणि पायांना हिमदंश झाला असेल तर बोटांतली बधिरता त्या वेळेपासूनची असू शकते. तिचं खापर आजच्या एमआरआयवर फोडण्यात अर्थ नाही. अंगात स्फोटाचे धातूचे तुकडे राहिले असतील तर पुढच्या प्रत्येक एमआरआयपूर्वी ते आवर्जून सांगा, विशेषतः डोळ्याजवळचे. वर्षानुवर्षं पाठीवर ओझी, उड्या, खडबडीत रस्त्यावरची वाहनं यांनी गुडघे आणि खुबेही झिजलेले असतात, म्हणून व्यायाम बेतताना त्यांना धरून चालावं लागतं. अनेकांची ऐकण्याची क्षमताही गोळीबाराच्या आवाजाने कमी झालेली असते. फिजिओथेरपिस्टच्या सूचनांना मान डोलावली जाते आणि घरी भलतंच केलं जातं. सूचना मोठ्या अक्षरात कागदावर घ्या आणि प्रत्येक व्यायाम त्यांना करून दाखवायला सांगा.

आता मुख्य मुद्दा. वडील जे करताहेत त्यात मेहनतीची कमी नाही, दिशा चुकलेली आहे. तीन ठिकाणी.

पहिलं, दुखणं रेटत चालणं. स्नायू रेटून बळकट होतो, पण दाबलेली, रक्ताला पारखी झालेली नस तशी बळकट होत नाही. रेटल्याने ती चिडते, बसल्यावर शांत व्हायला पाचाऐवजी वीस मिनिटं लागतात, मग दिवसभर माणूस खुर्चीत बसतो आणि एकूण चालणं घटतं. दुसरं, भुजंगासन. पालथं झोपून छाती वर उचलली की कमरेची नळी सर्वांत जास्त आवळते. गादी सरकलेल्या काही तरुण रुग्णांना हा प्रकार मानवतो, त्यामुळे तो सगळ्यांच्या तोंडी झाला. स्टेनोसिसच्या माणसाने तो बंद करावा. शलभासन, धनुरासन, पालथं झोपून पाय उचलणं, छाती पुढे काढून मागे वाकणं, सगळंच. तिसरं, उभं राहण्याची ढब. सावधानची सवय आयुष्यभर अंगात मुरलेली: छाती पुढे, खांदे मागे, कंबर आत. फार रुबाबदार दिसतं, पण हीच स्थिती नळीला सर्वांत त्रासदायक. निवृत्त सैनिकांवर काम करताना व्यायामापेक्षा ही सवय सोडवायला जास्त वेळ लागतो, कारण पुढे झुकणं त्यांना म्हातारपणाची कबुली वाटते.

चालण्याची पद्धत अशी बदला. सपाट जागी, दोन वेगवेगळ्या दिवशी, साधारण एकाच वेळेला, घड्याळ लावून चालायला सांगा. दोन आकडे लिहा: पायात पहिली जाणीव कधी झाली आणि थांबावंच कधी लागलं. समजा पहिली जाणीव चौथ्या मिनिटाला आणि थांबणं दहाव्या मिनिटाला. तर आता एक फेरी पाच मिनिटांची. त्रासाला शून्य ते दहा गुण द्यायचे आणि तीन-चारवर गेला की बसायचं, पाच मिनिटं भरली नसली तरी. बसायचं ते खुर्चीत, कोपरं मांड्यांवर टेकवून, पुढे झुकून. मुंग्या पूर्ण जाईपर्यंत उठायचं नाही. साधारण दोन ते पाच मिनिटं लागतात. मग पुढची फेरी. अशा चार फेऱ्या म्हणजे वीस मिनिटं चालणं, आणि एकदाही पाय आठवर गेला नाही. आठवड्यात पाच दिवस.

वाढवायचं कसं? सलग तीन दिवस सगळ्या फेऱ्या तीन-चारच्या आत पार पडल्या आणि प्रत्येक वेळी पाच मिनिटांत पाय शांत झाले, तर प्रत्येक फेरीत एक मिनिट वाढवा. आठवड्यात एकदाच. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय कालपेक्षा जड असेल तर आधीच्या आकड्यावर परत या. त्याला माघार समजू नका. दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या जमू लागल्या की मधली विश्रांती कमी करत नेता येते. ट्रेडमिल असेल तर ३ ते ५ टक्के चढ द्या, शरीर आपोआप पुढे झुकतं. उताराचा ट्रेडमिल किंवा उताराचा रस्ता सध्या नको.

वडिलांना हे पटवताना ‘जपून चाला’ म्हणू नका, ते ऐकणार नाहीत. वही द्या. तारीख, फेऱ्या, मिनिटं, गुण, शांत व्हायला लागलेला वेळ असे रकाने आखा आणि चारच्या वर जाणं हे नियमभंग म्हणून लिहायला सांगा. शिस्तीचा माणूस लिखित मर्यादा पाळतो. ‘दुखलं तर थांबा’ ही सूचना त्याच्यासाठी निरुपयोगी, कारण दुखण्याची त्याची व्याख्याच निराळी असते. मधुमेह असल्यामुळे रोज चालून आल्यावर तळवे आणि बोटांमधल्या जागा बघणं हाही वहीतला एक रकाना करा. बधिर पायावर फोड आलेला कळत नाही, आणि फोडाकडे दुर्लक्ष करणं हा तर त्यांचा जुना सराव.

व्यायाम फार नकोत. पाच-सहा पुरे, रोज पंधरा ते वीस मिनिटं, शक्यतो चालण्यापूर्वी.

पाठीवर झोपून एक गुडघा दोन्ही हातांनी छातीकडे, वीस ते तीस सेकंद, प्रत्येक बाजूला तीनदा. मग जमल्यास दोन्ही गुडघे. खुबा बदललेला असेल तर सर्जनने घातलेली वाकण्याची मर्यादा आधी विचारा. त्यानंतर गुडघे वाकवून झोपूनच कंबर जमिनीला दाबायची, पोट आत, पाच सेकंद, दहा वेळा. दिसायला क्षुल्लक, पण सगळा खेळ याच हालचालीवर उभा आहे. ती झोपून जमली की भिंतीला पाठ लावून उभ्याने, मग उभं राहून भिंतीशिवाय, मग चालता चालता. माकडहाड किंचित खाली-पुढे ओढल्यासारखं चालता आलं की कमरेचा बाक कमी होतो आणि तेच सावधानच्या सवयीवरचं खरं उत्तर आहे.

तिसरा व्यायाम बहुतेक जण गाळतात आणि माझ्या मते तो सर्वांत उपयोगी: जांघेच्या पुढच्या स्नायूचं ताणणं. तासन्‌तास बसून हा स्नायू आखडतो. मग उभं राहिलं की तो कमरेच्या मणक्यांना पुढे ओढतो आणि बाक वाढवतो. पलंगाच्या कडेला पाठीवर झोपायचं, एक गुडघा छातीशी घट्ट धरायचा, दुसरा पाय कडेवरून हळूच खाली सोडायचा. तीस सेकंद, प्रत्येक बाजूला तीनदा. वर धरलेला गुडघा सैल सोडला की कंबर उचलली जाते आणि व्यायाम उलटा पडतो, म्हणून सुरुवातीला कोणीतरी बाजूला उभं राहून कमरेखाली हात जात नाही ना ते बघा.

मग ताकदीचे: पाठीवर झोपून नितंब उचलणं, आठ-दहा वेळा, दोन फेऱ्या, फक्त मांडी आणि धड एका रेषेत येईपर्यंत, त्यापुढे कमान नको. खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं, पाचपासून दहापर्यंत. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. ओट्याला धरून टाचा उचलणं दहा वेळा. तोल सांभाळण्यासाठी ओट्याजवळच एका पायावर दहा-दहा सेकंद. श्वास रोखून धरायचा नाही, स्टेंट असताना तर नाहीच. हाडं ठिसूळ असतील किंवा मणक्याचं दबून फ्रॅक्चर झालेलं असेल तर पुढे वाकण्याचे व्यायाम बेताने आणि देखरेखीखालीच. उभ्याने वाकून वजन उचलणं तर पूर्ण बंद. ही एक तपासणी, हाडांची घनता, व्यायाम सुरू करण्याआधी करून घेणं योग्य.

स्थिर सायकल मिळाली तर सोन्याहून पिवळं. पाच मिनिटांपासून वीस-तीस मिनिटांपर्यंत, कारण हृदय आणि पायांचे स्नायू तयार होतात आणि नळी त्या वेळी उघडी असते. पाण्यात छातीएवढ्या खोलीत चालणंही चांगलं. पोहायचंच असेल तर मान वर काढून मारायचे ब्रेस्टस्ट्रोकचे हात टाळा.

फिजिओथेरपिस्टने हातांनी दिलेले उपचार, म्हणजे कमरेचे आणि खुब्याचे सांधे हळूहळू मोकळे करणं, पहिल्या काही आठवड्यांत मदत करतात. २०१९ मधल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत २५९ वृद्धांना औषधोपचार, गटाने व्यायाम, किंवा हाताचे उपचार अधिक वैयक्तिक व्यायाम अशा तीन गटांत विभागलं होतं. दोन महिन्यांनी तिसरा गट पुढे होता, सहा महिन्यांनी फरक उरला नव्हता. मी याचा अर्थ असा घेतो की हातांच्या उपचारांनी सुरुवात सोपी होते, टिकवतो तो घरचा व्यायाम. म्हणून आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे फिजिओथेरपी घ्या आणि त्या काळात सगळं घरी करायला शिकून बाहेर पडा. वर्षभर मशीन लावून घेण्यात काही हशील नाही. मान किंवा कंबर झटका देऊन ‘कडकड’ मोडणं या वयात, या नळीला नको.

पट्टा चालण्याच्या फेऱ्यांपुरता बांधायला हरकत नाही. काहींना त्याने थोडं जास्त चालता येतं. दिवसभर नको. नुसती काठी स्टेनोसिसमध्ये फारशी कामी येत नाही, कारण ती सरळच उभं ठेवते. चार चाकांचा, ब्रेक आणि बसायची पट्टी असलेला वॉकर मात्र चालण्याचं अंतर त्याच दिवशी वाढवू शकतो. मुठी सरळ उभं राहिल्यावर मनगटाच्या सुरकुतीच्या उंचीला लावा. आराम पडत नसेल तर एक खाच खाली. त्याहून खाली नेलं तर वॉकर पुढे पळतो आणि माणूस मागे राहतो, तोंडावर पडण्याचा धोका. वडील वॉकर घ्यायला तयार होणार नाहीत असं गृहीत धरून सांगतो: सुपरमार्केटमध्ये ट्रॉली ढकलत चालवून बघा. ट्रॉलीवर झुकून ते अर्धा तास आरामात फिरले तर त्यांचं त्यांनाच कळेल. ओट्यापाशी किंवा दाढी करताना उभं राहावं लागलं तर एक पाय सहा-आठ इंच उंच पाटावर. झोपताना पाठीवर असल्यास गुडघ्यांखाली उशी, कुशीवर असल्यास गुडघ्यांमध्ये.

औषधांबद्दल मी थोडा कडक आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, खास या आजाराच्या शस्त्रक्रियाविरहित उपचारांवरच्या मार्गदर्शक तत्त्वांत समुपदेशन, सवयी बदलणं, घरचा व्यायाम, हाताचे उपचार आणि पुनर्वसन यांना एकत्र पुढे ठेवलंय. पॅरासिटामॉल, सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या, स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या, ओपिऑइड (अफूच्या वर्गातली वेदनाशामकं), नसांच्या दुखण्यावरची गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन, आणि मिथाइलकोबालामिन (बी१२ चा एक प्रकार) यांची शिफारस केलेली नाही. तरी व्यवहारात बहुतेकांच्या चिठ्ठीवर यातल्या तीन-चार असतातच. मिथाइलकोबालामिन बी१२ कमी असेल तर द्यायला हवं, एरवी त्याने नळीचा त्रास जात नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक गटातल्या गोळ्या क्लोपिडोग्रेलबरोबर घेतल्या तर पोटात रक्तस्राव, शिवाय मूत्रपिंड आणि हृदयावर ताण. तुमच्या वडिलांनी त्या स्वतःहून दुकानातून आणून घेऊ नयेत. गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन आधीच चालू असेल तर रोज सकाळी एकच प्रश्न विचारा: चालणं वाढलं का, की फक्त झोप आणि चक्कर वाढली? दुसरं असेल तर डॉक्टरांशी बोलून टप्प्याटप्प्याने बंद करा, एकदम नव्हे.

ड्युलॉक्सेटिनसारखी (नैराश्यावर आणि नसांच्या दुखण्यावर दिली जाणारी) औषधं काही निवडक रुग्णांत करून बघता येतात. इथे माजी सैनिकांसाठी एक वेगळी सावधगिरी. युद्धाच्या आघातानंतरच्या मानसिक त्रासासाठी सर्ट्रालिन, व्हेनलाफॅक्सिन अशी गोळी आधीपासून चालू असेल तर तिच्यावर ड्युलॉक्सेटिन किंवा ट्रॅमाडॉल (एक ओपिऑइड वेदनाशामक) चढवणं धोक्याचं असू शकतं. ही सगळीच मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन वाढवतात. दुःस्वप्नांसाठी प्राझोसिन असेल तर उभं राहताना रक्तदाब घसरतो, आणि तशात झोपेची किंवा नसेची गोळी मिळाली की रात्री बाथरूमला जाताना पडणं ठरलेलं. सगळ्या डॉक्टरांच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून एकाच डॉक्टरपुढे ठेवा. झोप, राग, भीती यांचा जुना त्रास असेल तर त्याचे उपचारही याच योजनेचा भाग समजा. जागून काढलेल्या रात्रीनंतर तीनचा त्रास सहाचा वाटतो आणि फेऱ्या कोलमडतात.

पाठीतल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कोणीतरी सुचवेलच. २०१४ च्या एका मोठ्या चाचणीत ४०० रुग्णांपैकी निम्म्यांना स्टेरॉइड आणि भूल, उरलेल्यांना नुसती भूल दिली. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. त्यामुळे चालल्यावर पाय जड होण्याच्या नेहमीच्या त्रासासाठी मी ते सुचवत नाही. एका पायात अचानक तीव्र कळ उठली आहे, माणूस व्यायामाला उभाच राहू शकत नाही, अशा वेळी एखादं इंजेक्शन मधला काळ निभावून नेऊ शकतं. तुमच्याकडे त्यात दोन अडथळे: क्लोपिडोग्रेल काही दिवस बंद करावं लागतं आणि स्टेंट असताना ते फक्त हृदयरोगतज्ज्ञांच्या परवानगीनेच, आणि इंजेक्शननंतर काही दिवस साखर चढते. दर काही महिन्यांनी एक असा रतीब लावू नका.

मुदत किती द्यायची? पहिल्या दोन आठवड्यांत फार काही दिसणार नाही, उलट वडील म्हणतील की मी आधी तासभर चालत होतो, आता वीस मिनिटांवर आणलंत. सहा आठवड्यांनी तीच घड्याळाची चाचणी पुन्हा करा. थांबण्याची वेळ एक-तृतीयांशाने जरी वाढली, म्हणजे दहाची तेरा-चौदा मिनिटं झाली, तरी दिशा बरोबर आहे. बारा आठवड्यांनी शेवटचा हिशेब. दुखण्याचा आकडा कमी झाला पण अंतर तेच राहिलं तर बहुधा माणूस कमी चालतोय, म्हणून आकडा कमी दिसतोय. वही खोटं बोलू देत नाही.

आणि ऑपरेशन. त्याला पराभवाच्या खात्यात टाकू नका. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ऑपरेशनला तयार असलेल्या १६९ जणांना दोन गटांत विभागलं: एकाला नळी मोकळी करण्याचं ऑपरेशन, दुसऱ्याला सहा आठवडे फिजिओथेरपी. दोन वर्षांनी दोन्ही गटांची हालचालीची क्षमता जवळपास सारखी होती. पण फिजिओथेरपीच्या गटातल्या ५७ टक्के लोकांनी त्या दोन वर्षांत शेवटी ऑपरेशन करून घेतलं, हेही त्याच चाचणीत आहे. म्हणजे आधी व्यायाम करून बघण्यात बहुतेकांचं काही बिघडत नाही, आणि व्यायामाने सगळ्यांचंच भागतं असंही नाही. हा आजार सहसा वर्षांच्या गतीने चालतो. पुष्कळांचा तिथेच थांबतो, काहींचा सुधारतो, थोड्यांचा वाढतो. बारा आठवडे मनापासून करूनही घराबाहेर पडणं जमत नसेल, तर सर्जनकडे परत जाणं हाच समजूतदारपणा, आणि तोवर पाय, हृदय, साखर जितकी चांगली तितकं ऑपरेशन झेपतं.

बारा आठवडे न थांबता त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं ते पुढीलपैकी काही दिसलं तर: लघवी अडणं किंवा कळेनाशी होणं, शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसण्याच्या जागेत बधिरता, पाऊल घोट्यातून लटकू लागणं, दोन्ही पायांतली ताकद दिवसागणिक कमी होणं. ताप, विनाकारण वजन घटणं, पूर्वी झालेला कर्करोग, किंवा झोपूनही न थांबणारं रात्रीचं दुखणं असेल तर त्याच आठवड्यात तपासणी. प्रोस्टेटच्या वयात लघवीची तक्रार ‘ती तर जुनीच’ म्हणून उडवून लावली जाते. तेव्हा वडिलांना आजच, सरळ शब्दांत विचारा: गेल्या महिन्यात लघवीत काही बदललं का, आणि पुसताना नेहमीसारखं जाणवतं का? संकोचाने हा प्रश्न घरात कोणी विचारत नाही आणि न विचारता ते सांगणार नाहीत.